खुर्द्याची गणती

पानिपतची वार्ता पेशव्यांना कळली ती एका सावकारी पत्रातून, असे सांगितले जाते. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याला गणती नाही, असा त्या सांकेतिक मजकुराचा आशय होता. मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब. मोहरा म्हणजे नामांकित सरदार. उरलेला खुर्दा म्हणजे सामान्य शिपाई आणि त्यांच्यासमवेत गेलेले बाजारबुणगे, यात्रेकरू, बायका व मुले. १४ जानेवारी १७६१ रोजी आणि त्यानंतरच्या दिवसांत यांपैकी हजारो नि:शस्त्र माणसे मारली गेली किंवा गुलाम म्हणून नेली गेली. त्यांचा नेमका आकडा आजही अभ्यासकांना सांगता येत नाही. पत्र लिहिणाऱ्याचा यात दोष नव्हता. युद्धात मेलेल्या सामान्य माणसाची नोंद ठेवण्याची रीतच त्या काळी नव्हती.

आज ती स्थिती पालटली आहे. कोठे एखाद्या शहरावर बाँब पडला की तासाभरात मृतांचा आकडा जगभर जातो आणि त्याच्या पाठोपाठ त्या आकड्याचा इन्कारही जातो. एक पक्ष सांगतो की, शत्रूने इस्पितळावर हल्ला करून निरपराधांचे बळी घेतले. दुसरा सांगतो की, तेथे इस्पितळ नव्हते, शस्त्रागार होते. किंवा इस्पितळ होते, पण बाँब आमचा नव्हता. किंवा बाँब आमचा होता, पण मेलेले निरपराध नव्हते. या तीन उत्तरांपैकी एखादे चार दिवस टिकले तरी पुरते, कारण तोवर दुसरी बातमी आलेली असते. हजारो मैलांवरचा वाचक, मग तो शाळेच्या शिक्षकदालनात बसलेला असो की कचेरीतल्या मधल्या सुटीत चहा घेत असो, आपली बाजू ठरवून मोकळा होतो. ती कशाच्या आधारावर ठरवली असे त्याला विचारले, तर प्रामाणिक उत्तर बहुधा एवढेच येईल की, मारणारे कोणाचे आणि मरणारे कोणाचे यावरून.

युद्धकाळातील दाव्यांविषयी शंका घेण्यात काहीच गैर नाही. किंबहुना ते सुजाण नागरिकाचे कर्तव्यच आहे. गैर आहे ते शंका एकाच बाजूसाठी राखून ठेवणे. आपल्याला जवळच्या वाटणाऱ्या राष्ट्राने दिलेला आकडा तपासल्यावाचून स्वीकारायचा आणि दुसऱ्याने दिलेल्या आकड्याकडून मात्र न्यायालयात टिकेल अशा पुराव्याची अपेक्षा धरायची, याला चिकित्सा म्हणता येणार नाही. या पक्षपाताची किंमत वाद घालणारे देत नाहीत. ती मेलेल्यांना आणि पुढच्या युद्धात मरणाऱ्यांना द्यावी लागते. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या इतिहासात याचे दाखले भरपूर आहेत.

बेल्जियमचा धडा

ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मन सेना बेल्जियममध्ये शिरली. नागरिक घरांच्या आडून आपल्यावर गोळ्या झाडतात, या समजुतीने ती सेना पछाडलेली होती. पहिल्या काही आठवड्यांतच तिने बेल्जियम व उत्तर फ्रान्समधील सुमारे साडेसहा हजार नागरिकांना ठार केले. दिनाँ या एका गावात २३ ऑगस्ट रोजी ६७४ माणसे मारली गेली. त्यानंतर दोनच दिवसांनी लूव्हाँ येथील विद्यापीठाचे जुने ग्रंथालय आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. या घटना खऱ्या होत्या. जॉन हॉर्न आणि ॲलन क्रेमर या इतिहासकारांनी जर्मन सैनिकांच्या दैनंदिन्यांसह विपुल कागदपत्रे तपासून २००१ मध्ये त्यांचा सविस्तर वृत्तांत प्रसिद्ध केला.

परंतु सत्य एवढे भीषण असूनही दोस्त राष्ट्रांच्या प्रचारकांचे तेवढ्यावर समाधान झाले नाही. जर्मन सैनिक लहान मुलांचे हात तोडतात, अशा कथा पसरल्या. मे १९१५ मध्ये लॉर्ड ब्राइस यांच्या समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. ब्राइस हे नामवंत विद्वान आणि अमेरिकेतील ब्रिटनचे माजी राजदूत. अहवालातील साक्षी शपथेवर घेतलेल्या नव्हत्या आणि खऱ्या घटनांबरोबर ऐकीव कथाही त्यात मिसळल्या होत्या. तरीही अनेक भाषांत त्याची भाषांतरे झाली. १९१७ मध्ये तर जर्मन लोक सैनिकांच्या प्रेतांपासून चरबी काढण्याचा कारखाना चालवतात, अशी वार्ता इंग्रजी वृत्तपत्रांनी छापली. दुसऱ्या बाजूची तऱ्हाही वेगळी नव्हती. ऑक्टोबर १९१४ मध्ये ९३ जर्मन विद्वानांनी एक पत्रक काढून बेल्जियममधील अत्याचार साफ नाकारले. सही करणाऱ्यांत माक्स प्लांक आणि राँटगेन यांच्यासारखे थोर शास्त्रज्ञ होते. प्रयोगशाळेत पुराव्यावाचून एक पाऊल न टाकणाऱ्या या मंडळींनी दिनाँविषयी कोणती चौकशी केली होती? आपले सैनिक असे करणार नाहीत, एवढी खात्री त्यांना पुरेशी वाटली.

युद्ध संपल्यावर हात तोडलेली मुले शोधूनही सापडली नाहीत. प्रेतांच्या कारखान्याबाबत जर्मनीने केलेला इन्कार १९२५ साली ब्रिटिश परराष्ट्रमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना कॉमन्स सभेत मान्य करावा लागला. यावरून लोकांनी धडा कोणता घेतला? अत्याचाराच्या वार्ता नीट तपासाव्यात हा धडा घेतला असता, तर ते हिताचे झाले असते. त्याऐवजी अशा सगळ्याच वार्ता बनावट असतात, असा सोयीस्कर निष्कर्ष काढण्यात आला. कल्पित मुलांबरोबर दिनाँची ६७४ खरीखुरी माणसेही बाहेरच्या जगाच्या स्मरणातून पुसली गेली. याहून भयंकर परिणाम पुढेच होता. दुसऱ्या महायुद्धात पोलंडमधून ज्यूंच्या संहाराच्या वार्ता येऊ लागल्या तेव्हा ब्रिटनच्या गुप्तवार्ता समितीचे अध्यक्ष काव्हेंडिश-बेंटिंक यांना, १९४३ सालीसुद्धा, त्या वाचून पहिल्या युद्धातील प्रेतांच्या कारखान्याचीच आठवण झाली. ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टीत खोटे बोलणाऱ्या पोराचे नुकसान होते. इतिहासात लांडग्याने खाल्ली ती दुसऱ्यांचीच मुले.

आपल्या माणसांचा गुन्हा

असत्य दोन प्रकारचे असते. न घडलेले घडले असे सांगणे हा पहिला प्रकार. घडलेले घडलेच नाही असे सांगणे हा दुसरा. दुसऱ्या प्रकारचे ठळक उदाहरण म्हणजे स्पेनमधील गेर्निका. २६ एप्रिल १९३७ रोजी जनरल फ्रँकोच्या बाजूने लढणाऱ्या जर्मन व इटालियन विमानांनी हे बास्क गाव बेचिराख केले. लंडनच्या ‘टाइम्स’चे वार्ताहर जॉर्ज स्टीअर यांनी त्याच रात्री जळते गाव गाठले आणि २८ एप्रिलच्या अंकात त्यांचा वृत्तांत आला. फ्रँकोपक्षाने विमाने आलीच नव्हती असे सांगितले आणि माघार घेणाऱ्या बास्क लोकांनीच आपले गाव जाळले, असा उलटा आरोप केला. गावातले लोक डोळ्यांनी पाहिलेले तोंडाने बोलू शकत नव्हते, आणि ही स्थिती कित्येक वर्षे टिकली. जर्मनीच्या राष्ट्राध्यक्षांनी आपल्या वैमानिकांची जबाबदारी मान्य केली ती १९९७ मध्ये, म्हणजे साठ वर्षांनी. मृतांच्या संख्येचा वादही याच काळात चालू राहिला. बास्क सरकारने १,६५४ हा आकडा दिला होता. पुढील संशोधकांपैकी अनेकांनी तो दीडशे ते तीनशेच्या दरम्यान धरला. आकडा खाली आला म्हणून गेर्निकावर बाँब पडले नव्हते असे सिद्ध होत नाही. तथापि असे भासवणारे लोक प्रत्येक युद्धानंतर निघतात.

गेर्निकाच्या बाबतीत हुकूमशाही होती, लोकांना खरे कळू दिले गेले नाही, असे म्हणता येईल. अमेरिकेत तर वृत्तपत्रे स्वतंत्र होती. १६ मार्च १९६८ रोजी व्हिएतनाममधील माय लाय येथे अमेरिकन पायदळाच्या एका तुकडीने नि:शस्त्र गावकऱ्यांना, बायकामुलांसह, वेचून ठार केले. अधिकृत अहवालात १२८ शत्रूसैनिक मारल्याची नोंद झाली. हस्तगत केलेल्या बंदुका मात्र तीन होत्या. १२८ सैनिकांजवळ तीनच बंदुका कशा, हा प्रश्न एखाद्या शाळकरी मुलालाही पडावा. पण वरिष्ठांनी तो विचारला नाही. रॉन रिडेनॉवर या तरुण माजी सैनिकाने मार्च १९६९ मध्ये काँग्रेस सदस्यांना व सरकारला पत्रे लिहिली, नोव्हेंबरमध्ये सेमूर हर्श या पत्रकाराने प्रकरण उजेडात आणले आणि मग छायाचित्रेही छापली गेली. अमेरिकन सैन्याच्या हिशेबाने मृतांची संख्या ३४७ होती. गावातल्या स्मारकावर ५०४ नावे आहेत.

यानंतर जे घडले ते अधिक विचार करायला लावणारे आहे. मार्च १९७१ मध्ये लेफ्टनंट कॅली यांना किमान २२ माणसांच्या खुनाबद्दल दोषी ठरवून जन्मठेप सुनावण्यात आली. त्यावर देशभर संताप उसळला, पण तो मारेकऱ्याच्या बाजूने. जनमत चाचणीत पाचांपैकी सुमारे चार जणांनी निकालाविरुद्ध मत दिले. कोणी म्हणाले, युद्धात असे चालायचेच. कोणी म्हणाले, शत्रू याहून वाईट वागतो. कोणी म्हणाले, वरचे सुटले आणि हाच एकटा सापडला. यातल्या शेवटच्या आक्षेपात तथ्य होते. तथापि वरच्यांनाही पकडा, अशी मागणी फार थोड्यांनी केली. बहुतेकांना कॅलीलाही सोडून द्यायला हवे होते. अध्यक्ष निक्सन यांनी त्यांना तुरुंगातून हलवून घरीच स्थानबद्ध ठेवण्याचा आदेश दिला आणि काही वर्षांत त्यांची सुटका झाली. याउलट ह्यू टॉमसन या हेलिकॉप्टर-चालकाने त्या दिवशी सैनिक आणि गावकरी यांच्या मध्ये आपले हेलिकॉप्टर उतरवून काही जीव वाचवले होते. त्याला मायदेशी धमक्या आल्या. त्याच्या शौर्याचा यथोचित गौरव व्हायला १९९८ साल उजाडावे लागले. खरे काय ते सर्वांना ठाऊक होते, वृत्तपत्रे स्वतंत्र होती, न्यायालयाने निकाल दिला होता. तरी लोकांना ते सत्य नको होते.

वाढवलेल्या आकड्याचे नुकसान

येथे कोणी म्हणेल की, सत्ताधारी जर मृत्यू लपवतातच, तर दुर्बळांनी आकडा थोडा फुगवला तर काय बिघडले? सहानुभूती मिळवण्याचे तेवढेच एक साधन त्यांच्या हाती असते. हा युक्तिवाद वरवर उदार वाटतो, पण अनुभव त्याच्या विरुद्ध आहे.

फेब्रुवारी १९४५ मध्ये ब्रिटिश व अमेरिकन विमानांनी जर्मनीतील ड्रेस्डेन शहर जाळले. नाझी प्रचारखात्याने दोन लाख मृतांचा आकडा पसरवला. पुढे एका वाचकप्रिय पुस्तकाने १,३५,००० हा आकडा रूढ केला. शहराच्या प्रशासनाने नेमलेल्या इतिहासकारांच्या आयोगाने स्मशानांच्या नोंदी, जुनी दप्तरे आणि उत्खननांची माहिती तपासून २०१० मध्ये आपला निष्कर्ष जाहीर केला: मृतांची संख्या फार तर २५,०००. एका शहरात तीन दिवसांत पंचवीस हजार माणसे जळून व गुदमरून मेली, ही गोष्ट कोणाच्याही सद्सद्विवेकाला हादरवण्यास पुरेशी होती. परंतु दोन लाखांच्या खोट्याने दोन अनर्थ केले. नवनाझींना आपल्या पूर्वजांच्या पापाशी तोलायला एक वजन मिळाले, आणि बाँबहल्ल्याचे समर्थन करणाऱ्यांना समोरच्याचे खोटे दाखवून मूळ प्रश्न टाळता आला.

आपल्या अगदी शेजारचे उदाहरणही घेता येईल. २५ मार्च १९७१ च्या रात्रीपासून पूर्व पाकिस्तानात जे हत्याकांड झाले त्याचा पहिला सविस्तर वृत्तांत जगापुढे ठेवला तो अँथनी मस्करेन्हस यांनी. बेळगावात जन्मलेले हे गोमंतकीय पत्रकार कराचीत नोकरी करीत होते. सारे कसे सुरळीत आहे हे लिहावे यासाठी पाकिस्तानी लष्कराने ज्या आठ पत्रकारांना तिकडे नेले, त्यांपैकी ते एक. मस्करेन्हस यांनी कुटुंबाला आधी देशाबाहेर काढले, मग स्वतः निसटले आणि १३ जून १९७१ रोजी लंडनच्या ‘संडे टाइम्स’मध्ये पाहिले ते लिहिले. तेव्हापासून अर्धशतकाहून अधिक काळ लोटला. बांगलादेश सरकारचा आकडा तीस लाखांचा. पाकिस्तानच्या हमुदूर रहमान आयोगाने लष्कराच्या अहवालांवर विसंबून दिलेला आकडा २६ हजारांचा. स्वतंत्र अभ्यासकांचे अंदाज या दोहोंच्या मध्ये आहेत. सीमेच्या एका बाजूला पहिला आकडा तपासणे म्हणजे द्रोह, दुसऱ्या बाजूला दुसरा आकडा तपासणे म्हणजे द्रोह. ज्या खेड्यांतली माणसे मेली तेथे जाऊन घरटी चौकशी करण्याची वर्षे मात्र या आवेशात निघून गेली. मस्करेन्हस यांचे मोठेपण त्यांनी कोणता आकडा सांगितला यात नाही. स्वतःच्या देशाच्या सैन्याविषयी साक्ष देण्याचे धैर्य त्यांनी दाखवले, यात ते आहे.

नावानिशी मोजदाद

आकड्यांचा हा वाद मिटवण्याचा एक मार्ग आहे आणि तो कष्टाचा आहे. १९९२ ते १९९५ या काळातील बोस्नियाच्या युद्धात दोन लाख माणसे मेली असे सर्रास सांगितले जात असे. मिरसाद तोकाचा यांच्या सारायेव्होतील संशोधन केंद्राने प्रत्येक मृताचे नाव, वय, मृत्यूचे ठिकाण व दिवस यांची नोंद करण्यास घेतले. २००७ मध्ये त्यांनी सुमारे ९७ हजार नावे जाहीर केली. त्यांत सुमारे दोन पंचमांश नागरिक होते आणि त्या नागरिकांत बहुसंख्य बोस्नियन मुसलमान होते. आकडा निम्म्यावर आणला म्हणून तोकाचा यांच्यावर त्यांच्याच समाजातील काहींनी टीकेची झोड उठवली. पण त्या यादीमुळे अत्याचार नाकारणाऱ्यांची जागाही नाहीशी झाली, कारण आकड्याशी भांडता येते, नावाशी भांडणे अवघड असते.

हीच कसोटी अलीकडच्या युद्धांनाही लावली पाहिजे. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने इस्रायलवर केलेल्या हल्ल्यात सुमारे बाराशे माणसे मारली गेली; त्यांत बहुसंख्य नागरिक होते, मुलेही होती. त्यावर चाळीस अर्भकांच्या शिरच्छेदाची एक कथा रचली गेली. मुलांच्या शिरच्छेदाची छायाचित्रे पाहिल्याचे खुद्द अमेरिकेचे अध्यक्ष बोलून गेले आणि त्यांच्या कार्यालयाला लगेच खुलासा करावा लागला. दहा दिवसांनी गाझातील अल-अहली इस्पितळाच्या आवारात स्फोट झाला. तेथील आरोग्य खात्याने मृतांचा आकडा ४७१ सांगितला, अमेरिकेच्या गुप्तचरांनी शंभर ते तीनशे. इस्रायलने तो पॅलेस्टिनी गटाचा भरकटलेला अग्निबाण असल्याचे म्हटले, त्या गटाने ते नाकारले. त्या रात्री जगातील निम्म्या लोकांनी आणि दुसऱ्या निम्म्या लोकांनी प्रेते मोजून होण्यापूर्वीच आपापले निकाल देऊन टाकले. पुढे अध्यक्षांनी गाझाच्या आकड्यांवर अविश्वास दाखवताच तेथील आरोग्य खात्याने सहा हजार सातशेहून अधिक मृतांची नावे, वये आणि ओळखक्रमांक यांची यादी प्रसिद्ध केली. अशी यादी तपासता येते, तिच्यातील चुका दाखवता व सुधारता येतात. एका रात्रीच्या आकड्यातील गोंधळावर बोट ठेवून त्यानंतरच्या हजारो मृत्यूंविषयी हात झटकणे, आणि एका खोट्या कथेवर बोट ठेवून ७ ऑक्टोबरचा संहार नाकारणे, ही एकाच नाण्याची दोन बाजूंनी केलेली लबाडी आहे.

सरकारी निवेदने पुष्कळदा पूर्ण खोटी नसतात. ‘नरो वा कुंजरो वा’ या जातीची असतात. २९ ऑगस्ट २०२१ रोजी काबूलमध्ये अमेरिकेने एका मोटारीवर चालकरहित विमानातून हल्ला केला. स्फोटके नेणारा अतिरेकी मारला, असे सांगण्यात आले आणि सेनाप्रमुखांनी हल्ला न्याय्य ठरवला. पत्रकारांनी शोध घेतल्यावर १७ सप्टेंबरला मान्य करावे लागले की, मेलेले दहाही जण निरपराध होते आणि त्यांत सात मुले होती. एवढ्या अर्धसत्याने धर्मराजाचा रथ जमिनीला टेकला, असे आपल्याकडे मानतात. आधुनिक राष्ट्रांचे रथ इतके संवेदनाशील नाहीत. म्हणून त्यांना जमिनीवर आणण्याचे काम नागरिकांना करावे लागते.

ते कसे करावे? युद्धाचा पहिला आकडा हा दावा समजावा, निकाल समजू नये. सांगणारा कोण, त्याने स्वतः पाहिले काय, आणि स्वतंत्र पत्रकारांना तेथे जाऊ दिले जाते काय, हे विचारावे. जो पक्ष दारे लावून घेतो त्याच्या इन्काराला कमी वजन द्यावे. आकडा बदलला तर घटनाच घडली नाही असे मानू नये. आणि मुख्य म्हणजे, मारणारे व मरणारे यांची नावे मनातल्या मनात अदलाबदल करून पाहावीत. तरीही आपले मत तेच राहते काय, हे तपासावे. मोबाइलवर आलेला मजकूर दहा जणांना पुढे धाडण्यापूर्वी या चाचणीला दोन मिनिटेही लागत नाहीत. वर्गात इतिहास शिकवणाऱ्या शिक्षकाला ती विद्यार्थ्यांकडून सहज करवून घेता येईल.

पुरावा पुरा होईपर्यंत शोक थांबवून ठेवावा, असा याचा अर्थ नाही. मृतांची संख्या शंभर की पाचशे, याचा निर्णय लागायला महिने लागतील; तेथे माणसे मेली हे त्याच दिवशी कळलेले असते. न्याय मागण्यासाठी अचूक आकडा हवा, हळहळण्यासाठी नको. पानिपतावरच्या खुर्द्याची गणती करण्याचे साधन त्या सावकाराजवळ नव्हते. आपल्याजवळ ते आहे. अशा वेळी ज्यांची गणती आपल्याला गैरसोयीची, त्यांनाच आपण खुर्दा मानू लागलो, तर तो दोष साधनांचा असणार नाही.